माझी माय गैरहजर नव्हती

अन्याय झाला तो माझ्या मायवर आणि आमच्या शेजारच्या शबानाखालावर. वार मंगळवार, पोळ्याच्या आदल्या आठवड्यातला. वेळ सकाळी अकरा ते बारा. जागा चिकलठाण्याला आमच्या वस्तीजवळची शाळा, तिथं मी सहावीत होते. त्या तासाभरात पालकसभेच्या वहीत मायच्या नावापुढं ‘गैरहजर’ असं लिहिलं गेलं आणि पानाच्या तळाशी एक ओळ आली : ‘पालक उदासीन आहेत. वेळबदलास कोणाचीही हरकत नाही.’

मी पत्रकं लिहिते, ती चौकात उभी राहून वाटते. त्यामुळं कुणावर, कधी, कुठं, हे आधी सांगून टाकायची सवय लागलीय. बाकीचं मात्र सावकाश सांगते. मेंढरांच्या तळावर राहिलेल्या काक्यांनो, हे तुमच्यासाठी आहे, आणि आमच्यामागून शहरात आलेल्या बायांनो, तुमच्यासाठीही.

आम्ही निघालो ते उन्हाळ्याच्या शेवटी. आमचा तळ फुलंब्रीच्या पलीकडं एका मोकळ्या रानात पडला होता. रानाला खत मिळावं म्हणून शेतकऱ्यानं मेंढरं बसवून घेतली होती. त्या सकाळी एका बिऱ्हाडाच्या दोन वाटा झाल्या. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन डोंगराकडं निघाले, सामान लादलेलं घोडं हाकत काक्या त्यांच्यामागं. माय, मी आणि मायच्या कडेवरचा बिरू, आम्ही तिघं डांबरी रस्त्याकडं. आबा एवढंच म्हणाले, “पोरगी चौथीपस्तोर चार शाळा फिरली. आता एका जागी बसू द्या तिला.” थोरल्या काकूनं फडक्यात भाकरी बांधून दिल्या आणि मायला विचारलं, “तिकडं राखणीला कोन हाय तुला?” मायनं भाकरी पिशवीत घातल्या. बस आली. पाटीवर तेव्हा औरंगाबाद असायचं.

राखण काय ते शहरातल्यांना सांगावं लागेल. तळावर रोज एक बाई मागं थांबते. बाकीच्या बाजाराला, पाण्याला, सरपणाला जातात. थांबलेल्या बाईच्या हवाली सगळ्यांची कोकरं आणि सगळ्यांची पोरं. उद्या दुसरीची पाळी, परवा तिसरीची. नुसतं सांभाळणं नाही. शेतकरी आला, अजून दोन दिवस मेंढरं बसवता का म्हणाला, तर राखणीवरली बाई जे बोलेल ते पुऱ्या तळाचं बोलणं. संध्याकाळी परतून कुणी म्हणायचं नाही की मला का विचारलं नाही. तू तिथं नव्हतीस, ती होती, ती बोलली, विषय संपला. कुणी शिकवलं नाही, कुठं लिहिलेलं नाही, आणि मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही कमिटीपेक्षा ते नीट चालायचं.

शहरात आम्हाला पत्र्याची एक खोली मिळाली आणि मायला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत पॅकिंगचं काम. नऊ ते साडेपाच. सुट्टी गुरुवारी. तळावर मायनं कधी घड्याळ पाहिलं नव्हतं. आता ती झोपेतसुद्धा दचकून विचारायची, “सवे, साडेआठ झाले का गं?” माझी शाळा सातला भरायची, बाराला सुटायची. बिरू थोडा मोठा झाल्यावर अंगणवाडीत जायला लागला. अंगणवाडी एकला सुटायची, मी त्याला घेऊन घरी यायची आणि माय येईपर्यंत सांभाळायची. असं बसवलेलं सगळं. एक खिळा हलला तरी पत्रा उडणार.

तो खिळा शाळेनं हलवायचा ठरवला. शनिवारी चिठ्ठी आली : सहावी-सातवीचे वर्ग दुपारी बारा ते पाच भरवण्याबाबत पालकसभा, मंगळवारी सकाळी अकरा वाजता. मी मायला वाचून दाखवली. दुपारची शाळा म्हणजे एकनंतर बिरूला कोण? आणि बिरूला कोणी नाही म्हणजे मी घरी. चिठ्ठीत ते लिहिलं नव्हतं, पण आम्हा दोघींना वाचता आलं.

माय सुपरवायझरकडं गेली. तो म्हणाला, “मंगळवारी गाडी भरायचीय. शाळा-बिळा तुझ्या सुट्टीत बघ.” सभा मायच्या सुट्टीत नव्हती. पण शबानाखालाची सुट्टी मंगळवारी असायची. खाला एका दवाखान्यात आया होती, तिची दोन पोरं उर्दू शाळेत. मायनं सोमवारी संध्याकाळी तिच्या दारात जाऊन सांगितलं, “तू जा. सवीच्या मायकडून आले म्हन. येळ बदलू नका म्हन. तू बोलशील ते माझं.” मायच्या लेखी काम झालं होतं. त्या राती ती निवांत झोपली.

मंगळवारी मी वर्गात होते. खिडकीतून ऑफिसच्या पायऱ्या दिसायच्या. अकराच्या आधी खाला आली, इस्त्री केलेली ओढणी, हातात ती चिठ्ठी. आत गेली. दोन मिनिटांत बाहेर आली आणि पायरीवर बसली. मला वाटलं सभा अजून सुरू व्हायचीय. बाराची घंटा झाली तरी ती तिथंच होती.

संध्याकाळी तिनं मायला सांगितलं, “मेरेकू पूछे, तुम्हारा बच्चा कौनसे क्लास में? मैं बोली, मेरा इधर नहीं है, सवी का है, उसकी माँ का बोलना लेके आई मैं. बोले, जिसका बच्चा उसको भेजो, तुम बाहर बैठो. मैं बैठी. क्या मालूम, बाद में बुलाते करके.”

एक तास. ज्या बाईला आठवड्यात एकच सुट्टी, तिचा एक तास पायरीवर.

मायनं ती चिठ्ठी परत घेऊन तिची घडी घातली. मग म्हणाली, “चूक माझीच. मला वाटलं इथंबी तसंच असंल.” हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. अन्याय करणारे बाराला डबा खाऊन मोकळे झाले आणि चूक कुणाची, तर जिनं आपल्या माणसावर भरवसा टाकला तिची.

पोळा झाला, वेळ बदलली, मी घरी बसले. पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंत. दुपारी बाराला वर्गातल्या मुली दारावरून जायच्या. पहिले काही दिवस हाका मारायच्या, मग सवय झाली त्यांना. माझं नाव पटावरून जाणार हे मला कळत होतं, आणि बिरू मात्र खुश होता, कारण ताई दिवसभर घरी.

मग एका गुरुवारी मायनं मला आणि खालाला घेतलं. खालानं त्या दिवशी दवाखान्यात कुणाशी तरी पाळी बदलून घेतली होती. तिघी हेडसरांकडं. माय म्हणाली, “वहीत काय लिवलंय ते पोरीला वाचू द्या.” मी वाचलं. उदासीन म्हंजी काय, मायनं विचारलं. मी म्हटलं, “म्हंजी आपल्याला शाळेची फिकीर नाय.” मायनं पदर खोचला आणि आवाज न चढवता म्हणाली, “सर, मी गैरहजर नव्हते. ही आली होती. आमच्यात एक बाई आली म्हंजी सगळ्या आल्या. तुमी तिला भाईर बसवलं, मग फिकीर कुनाला नव्हती?”

हेडसर वाईट माणूस नव्हते, हे आज कबूल करते. तेव्हा मला ते राक्षस वाटायचे. ते म्हणाले, “खोल्या कमी आहेत बाई. वेळ माझ्या हातात नाही.” माय म्हणाली, “येळ नसंल हातात, सभा तर हाय? आमी असू तवा घ्या.”

“तुम्ही सगळ्या कधी असता?”

“पाणी येतं तवा.”

“आणि पाणी कधी येतं?”

“त्ये कुनाला ठावं? सातव्या-आठव्या दिवशी. पर आलं की वस्तीतली एकबी बाई कामावर जात नाय. मग कंपनीची गाडी भरो नाय तर राहो.”

सरांना हसू आलं. आणि माणूस खरंच आला. पाणी सुटलं तशी मी त्यांच्या घरी पळत गेले. ते लुनावर, वही पिशवीत घालून आले. नळ्या, ड्रम, हंडे यांच्या मधोमध त्यांना खुर्ची दिली आणि सभा सुरू झाली. बोलणारी बाई नळी धरून बोलायची, ड्रम भरला की वाक्य अर्धं सोडून दुसरीकडं जायची, परतून तिथूनच पुढं. आमच्या वस्तीतली मीराकाकू मधेच म्हणाली, “सर, पाय वर घ्या, नळी जायचीय.” सरांनी पाय वर घेतले. त्या सभेत चपला सोडून सगळं भिजलं, कारण चपला कुणीच घातल्या नव्हत्या.

दुपारची वेळ काही परत सकाळची झाली नाही, ती होणार नव्हतीच. खोल्या खरंच नव्हत्या. पण सगळ्यांसमोर सवाल आला : ही पोर दुपारी शाळेत जाणार कशी? तेव्हा मायनं राखणीची गोष्ट काढली. मंगळवारी सुट्टी खालाला, गुरुवारी मायला, शुक्रवारी मीराकाकूला. जिची सुट्टी तिच्या घरी सगळी बारकी पोरं.

मीराकाकू फुलंब्रीकडची, घरची मोठी जमीन, नवऱ्याच्या नोकरीमुळं शहरात आलेली आणि स्वतः एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणारी. आमच्यासारख्यांची मेंढरं तिनं सासरच्या रानात बसलेली पाहिलेली. ती म्हणाली, “आता पोरं मेंढरागत राखायची व्हय गं?”

माय म्हणाली, “मेंढरागत राखलीस तर बरंच की. आमचं एक कोकरू हरवत नाय. तुझी धाकटी मागच्या महिन्यात दोनदा हरवली.”

सगळ्या हसल्या, सर्वात मोठ्यानं मीराकाकू. शुक्रवार तिनं घेतला. उरले सोमवार आणि बुधवार. सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, “त्या दोन दिवशी आण त्याला वर्गात. शेवटच्या बाकावर. रडला तर बाहेर.” बिरू रडला नाही. शनिवारी शाळा सकाळचीच राहिली होती, तेव्हा दुपारी मी मोकळी. सरांनी ओल्या पानावर सगळं लिहिलं, आणि हजर पालकांत शबानाखालाचं नाव आपल्या हातानं लिहिलं, पुढं ‘सविताच्या आईच्या वतीने’. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले.

त्यानंतर मी एक ताससुद्धा चुकवला नाही. बिरू मंगळवारी खालाकडं दखनी शिकला आणि घरी येऊन मायला “कायकू?” विचारायला लागला. मीराकाकूकडं शुक्रवारी गरम पोळी मिळायची म्हणून त्याला सगळे वार शुक्रवार हवे असायचे. पावसाळ्यानंतर आबा आले, तेव्हा बिरू खालाच्या दारात तिच्या पोरांबरोबर जेवत होता, मीराकाकूची धाकटी मायच्या मांडीवर. आबांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला, सगळं नीट बघितलं आणि म्हणाले, “तळ इथंबी पडलाय की.”

मी दहावी झाले, पुढं शिकले, आज बोलते, लिहिते, भांडते. त्यातलं जेवढं चांगलं ते या तीन बायांच्या तीन सुट्ट्यांतून आलंय. आठवड्यातला एकुलता मोकळा दिवस त्यांनी दुसऱ्याच्या पोरांचं नाक पुसत घालवला, वर्षानुवर्षं, आणि कधी बोलून दाखवलं नाही. खालाला मी एकदा म्हटलं, तुझे उपकार कसे सांगू? ती म्हणाली, “नक्को सांगू. जाके बर्तन धो.”

काक्यांनो, कुणी विचारतं तुझं घर कुठलं. कागदावर फुलंब्री तालुका आहे, रेशनकार्डावर चिकलठाणा. तळ दर चार दिवसांनी उठतो, त्याला पत्ता नाही. मी आता ज्या गल्लीत राहते तिथं खाला नाही, मीराकाकू नाही. पण मी कामावर असताना शेजारची बाई आमच्या दाराशी आलेल्या माणसाला आपल्या भरवशावर हो किंवा नाही सांगते, आणि संध्याकाळी मी ते मान्य करते. एवढं जिथं चालतं तिथं मी घरी असते.

आणि राग? तो गेलेला नाही. आजही वॉर्डाच्या, शाळेच्या, सोसायटीच्या सभा अकरा वाजता लागतात. आजही अहवालात लिहितात, ‘मातांचा प्रतिसाद अल्प’. लिहिणाऱ्याला कळत नाही असं नाही. ज्यांना दिवसभर हाताला उसंत नाही त्यांच्याशिवाय सभा लवकर आटपते, हे त्याला नीट कळतं.

म्हणून, हे वाचणाऱ्या तुम्ही, कुठल्याही कमिटीत बसत असाल तर पुढची सभा लावण्याआधी तीन कामकरी आयांना विचारा की त्या कधी मोकळ्या असतात, आणि तीच वेळ लावा. एखादी दुसरीच्या वतीनं आली, तर तिला खुर्ची द्या, बोलू द्या, तिचं नाव लिहा. हे या महिन्यात करा. होत नसेल तर खुर्ची सोडा, आमच्याकडं बसणाऱ्या आहेत.