मीटरवर नऊ, दांड्यावर एकतीस

आत्याच्या दारात इंजिन घेऊन उभं राहणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. आधी ती तुमच्याकडे बघतच नाही, इंजिनाकडे बघते. मग म्हणते, "ठेव तिथे आणि उद्या ये." शर्यत चार दिवसांवर असू दे, नाहीतर तुम्ही दारात लोळण घ्या, उत्तर तेच. इंजिन आणि तिची मापाची हत्यारं एक रात्र एकाच खोलीत राहिली पाहिजेत. धातू गार-गरम झाला की इवलासा आकसतो, फुगतो, आणि आत्याचा सगळा कारभार त्या इवल्याशावर चालतो.

मुलीच्या कार्टचं, म्हणजे शर्यतीच्या बुटक्या उघड्या गाडीचं, इंजिन घेऊन आलेला शिंपी मात्र हुज्जत घालत राहिला. घासाघीस त्याच्या रक्तातच. "आत्या, रविवारी शर्यत आहे हो. मोडकं कार्ट ढकलत नेऊ का?"

"ढकल. जिवंत तरी राहशील," आत्या म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

तशी ती काही जन्मापासून इंजिनवाली नव्हे. तीस वर्षं पंप बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत नोकरी केली. समोर येईल तो भाग मोजायचा आणि नापास असेल तर नापास म्हणायचं, मग तो पाठवणारा कोण का असेना. निवृत्त झाली आणि भावाकडे राहायला आली. भावाचं गाड्या धुण्याचं दुकान, त्यामागे एक रिकामी खोली. भाच्यांना कार्टचं वेड. त्यांचं एक बिघडलेलं इंजिन हिने सहज उघडून पाहिलं, आणि संपलंच! भाचे आत्या म्हणायचे म्हणून सगळा ट्रॅक आत्या म्हणायला लागला. साठी उलटलेला टायरवालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी शिंपी हजर झाला. खोली बघून तो आधी चपला काढून उभा राहिला, कुणी सांगितलं नव्हतं तरी. फरशी इतकी स्वच्छ की त्याला आपल्या दुकानाची लाज वाटली. खिडकीखाली टेबल, टेबलावर पांढरं कापड. आत्याने हात दोनदा धुतले, त्याला समोरच्या स्टुलावर बसवलं. मालक समोर बसल्याशिवाय ती एकही बोल्ट सैल करत नाही. "उद्या म्हणशील, आत्याने आतला चांगला माल काढून घेतला. बस आणि बघ. आणि माझ्या हातात मायक्रोमीटर असताना तोंड उघडायचं नाही."

मग शिंपी बघत बसला. सिलिंडर निघाला, पिस्टन निघाला, रिंगा निघाल्या. एकेक वस्तू कापडावर आपापल्या जागी, जणू मापं घेऊन आखलेली. शिंपी स्वतः हाताचा माणूस. कापड चिमटीत धरून त्याचं वजन सांगणारा. पण हे काहीतरी निराळंच होतं! आत्या सिलिंडरच्या आतून नख फिरवायची, आकडा पुटपुटायची, मग माप लावायची, आणि आकडा तोच यायचा. एकदा नाही, सहा वेळा. सहाव्या वेळी शिंप्याच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. आत्याने नुसते डोळे वटारले.

तिढा असा होता. नवं इंजिन म्हणजे शिंप्याची सहा महिन्यांची कमाई. कापडाच्या कडा बांधणारं ओव्हरलॉक मशीन घ्यायला साठवलेले पैसे होते, ते सगळे गेले असते. जुन्याला पिस्टन आणि रिंगा टाकल्या, सिलिंडर घासून घेतला, की चौथ्या हिश्शात काम भागत होतं. अट एकच. आतला दांडा, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड, अजून चालण्याजोगा हवा. त्याचं आयुष्य पंचवीस तासांचं. प्लगच्या वायरीवर तार गुंडाळून बसवलेलं तासांचं मीटर नऊ तास दाखवत होतं.

आत्याने दांडा हातात घेतला आणि पहिल्यांदाच थांबली. त्याच्या दोन्ही बाजूंच्या वॉशरांवर चांदीचा मुलामा असतो. तो तिने उजेडात धरून पाहिला, खालच्या पिनेवरून नख फिरवलं. मग डोळे मिटून पुन्हा फिरवलं.

"हा दांडा एकतीस तास चाललाय," ती म्हणाली. "अर्धा तास इकडे-तिकडे."

"मीटरवर तर नऊ..."

"मीटर काहीही म्हणो. धातू माझ्याशी खोटं बोलत नाही. तुझं काय ते तू बघ."

मीटर खोटं होतं हे शिंप्याला पक्कं ठाऊक होतं. ते त्यानेच खोटं केलं होतं.

त्याची मुलगी भिंगरी एकोणीस वर्षांची. सकाळी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची आणि टायरचा खर्च स्वतःच्या पगारातून करायची. दहा तास झाले की पिस्टन बदलायचा, आणि पिस्टन म्हणजे बाबांना भुर्दंड. म्हणून मीटर बघून ती सराव आवरता घ्यायची. पोरीचं हे काटकसरीचं चालवणं बापाला बघवेना. मग रविवारी पहिल्या दोन फेऱ्या झाल्या की तो काहीतरी तपासल्यासारखं करायचा आणि ती बारीक तार हळूच सोडायचा. मीटर झोपायचं, पोर मनसोक्त पळवायची, आणि बाप कठड्याला टेकून डोळे भरून बघायचा.

आता सगळं सांगावंच लागलं. मान खाली घालून त्याने सांगितलं. "पण आत्या, मी चोरलेले तास मला पाठ आहेत. अकरा. नऊ आणि अकरा वीस. अजून पाच शिल्लक आहेत. तुम्ही एवढ्या थोर, पण दहा-अकरा तासांची चूक तुमच्याकडूनही होऊ शकते ना?"

आत्या चिडली नाही, हेच जास्त भयंकर वाटलं. "होऊ शकते. तीस वर्षांत दोनदा झालीय. वीस असतील तर दांडा आहे तसा परत बसवते, चौथ्या हिश्शात काम होईल. एकतीस असतील तर दांडा, पिन, क्रँक, बेअरिंगं, सगळंच जातं. बेअरिंगची बैठकही सैल लागतेय. ते सगळं करायचं तर नव्याच्या जवळजवळ पैसे, मग नवंच घे." तिने दांडा कापडावर ठेवला. "इंजिन बसतं कुठे? पोरीच्या उजव्या कोपराला लागून. हा तुटला तर आवरण फोडून बाहेर येतो. आता सांग, वीस की एकतीस?"

शिंप्याचं मन म्हणत होतं वीस. हिशोब म्हणत होता वीस. आणि त्या बाईचं नख म्हणत होतं एकतीस.

तेवढ्यात दुकानातली पाळी संपवून भिंगरी आली. तीही दारात चपला काढून उभी राहिली. बापाचा चेहरा बघून म्हणाली, "बाबा, काय झालं? गेलं का इंजिन?"

"गेलं बिलं नाही," आत्या म्हणाली. "तुझ्या बापाला तुला काहीतरी सांगायचंय."

शिंप्याने सांगितलं. रविवार, दोन फेऱ्या, सोडलेली तार, अकरा तास. पोर चिडेल, रडेल, निदान "काय हो बाबा" तरी म्हणेल, असं त्याला वाटलं. भिंगरी पांढरीफटक पडली.

"नुसते रविवारच धरलेत तुम्ही?"

"मग? बुधवारी मी कुठे येतो? बुधवारी तू एकटीच जातेस."

"तेच," भिंगरी म्हणाली. "मीटर थोडं पुढे गेलं की तुमची झोप उडते. बघितलंय मी. म्हणून बुधवारी मीपण तार सोडायचे, बाबा."

"किती तास?"

तिने फोनमध्ये लिहून ठेवलेलं दाखवलं. अकरा तास वीस मिनिटं.

शिंप्याने बोटांवर बेरीज केली. मग पुन्हा केली. नऊ, अकरा, आणि हे अकरा. वीस मिनिटं वर. तो त्या दांड्याकडे बघत राहिला, मग आत्याच्या हातांकडे. सुरकुतलेले, साबणाने पांढरे पडलेले साधे हात. ज्या गोष्टी बापलेकींनी एकमेकांपासून लपवल्या होत्या, त्या या बाईने आतल्या धातूवर वाचल्या होत्या, तेही अर्ध्या तासाच्या आत. एवढं कुणाला कळतं? कसं कळतं? आणि मघाशी तो त्या हातांना चूक म्हणाला होता! वीस म्हटलं असतं आणि तिने ऐकलं असतं, तर रविवारी पोर याच दांड्याशेजारी बसली असती.

भिंगरी रडत होती. "या रविवारी नाही जात मी. पुढच्या मोसमात बघू. इंजिन नकोच."

"गप्प बस," शिंपी म्हणाला. "नवं घेतोय. आजच." ओव्हरलॉक मशीनचं नावही त्याने काढलं नाही. "आत्या, नवं आणलं की उघडून बघाल ना तुम्ही?"

"आण. रात्रभर इथे ठेवीन, उद्या उघडीन. मीटरची तार मी स्वतः बसवणार, आणि वर लाखेचं सील मारणार. दोघांसाठी."

"आणि आजची मजुरी? इंजिन तर झालंच नाही."

"झालं नाही कसं? दोन दिवस गेले माझे. पुरी घेणार."

शिंप्याने खिशात हात घातला. घासाघीस त्याने केलीच नाही. घाईघाईने मोजताना नोटा दोनदा त्या स्वच्छ फरशीवर पडल्या, आणि दोन्ही वेळा भिंगरीने वाकून उचलून त्याच्या हातात दिल्या.