महादेवीच्या नावावरची गाडी

मंगळवार पेठेत महादेवीचं मिरची-कांडप कुठं आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. शिमगा जवळ आला की ज्या बोळात शिरताच ठसका लागतो, तोच बोळ तिचा. आत मुसळं धाडधाड पडत असतात, बाहेर बायका डबे मांडून बसलेल्या असतात, आणि आपली ब्याडगी दुसरीच्या संकेश्वरीत मिसळू नये म्हणून एकेकीची नजर उखळावर खिळलेली असते. महादेवीचं तोंडही तिच्या मालाला शोभणारं. "चटणी लई तिखट झाली बघा," अशी कुणी कुरकुर केली की ती म्हणायची, "मिरची तू आणलीस, मी नुसती कांडली. तक्रार मिरचीकडं कर." तरी बायका दुसरीकडं जात नसत. अशा बाईला परक्यानं फसवणं कठीणच होतं. पण परक्याचं इथं कामच पडलं नाही.

गाळा भाड्याचा होता. मालक बाळासो म्हातारे झाले, पुण्याला पोराकडं निघाले, आणि जाताना गाळा विकायचा म्हणाले. "पहिला मान तुझा, महादेवी. वीस लाखाला दुसरा कुणी घ्यायच्या आधी तू घे. पाडव्यापर्यंत थांबतो, त्याच्या म्होरं मला थांबता यायचं न्हाय." महादेवी आणि तिचा नवरा प्रभुलिंग यांनी पोटाला चिमटा काढून चार लाख साठवले होते. उरलेले बँक देईल, असा तिचा सरळ हिशेब होता. आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही, मग बँक का देणार नाही?

बँकेतल्या कर्ज बघणाऱ्या मुलीनं संगणकावर तिचं नाव टाकलं आणि पडद्यावरचं पुन्हा एकदा वाचून बघितलं. "ताई, तुमचं एक जुनं कर्ज थकलेलं दिसतंय. मोटारसायकलचं. फायनान्स कंपनीनं ते वसुलीवाल्यांना विकलंय. व्याज धरून पावणेदोन लाख."

महादेवी मोकळेपणानं हसली. "मला सायकलसुद्धा येत न्हाय की गं."

मुलीनं पडदा तिच्याकडं वळवला. नाव तिचं, पॅन तिचा. पत्ता मात्र हातकणंगल्याजवळच्या तिच्या माहेरचा, आणि फोन नंबर भावाचा, रुद्रेशचा. तो नंबर तिला तोंडपाठ होता. दर पंचमीला ती त्याच नंबरावर फोन करून "न्यायला कवा येतोस?" असं विचारायची. तिचं हसू जागीच विरलं. ती उठून बाहेर आली.

कधी झालं ते तिला रिक्षात बसल्यावर उमगलं. आप्पा, म्हणजे तिचे वडील, वारल्यावर रस्त्याकडेचं अडीच एकर रान तिच्या आणि रुद्रेशच्या नावावर लागलं होतं. बहिणीनं वाटा मागितला की माहेर तुटतं, हा आपल्याकडचा दंडक कायद्याहून जुना. ज्या बाया मागतात त्यांच्याबद्दल लोक काय बोलतात, ते महादेवीनं कांडपावर बसून पुष्कळ ऐकलं होतं. तिनं मागितला नाही. रुद्रेश तिच्या वाट्याची हक्कसोड करायला घेऊन गेला, तेव्हा ती पॅन, आधार, फोटो असं सगळं पिशवीत घालून हसत गेली. पेन्सिलीनं फुल्या मारलेला कागदांचा गठ्ठा पुढं आला. फुली दिसेल तिथं ती सही करत गेली. सख्ख्या भावाचे कागद वाचून बघायचे म्हणजे त्याच्या थोबाडीत मारल्यासारखंच, असं तिला वाटत होतं. मग घरी पुरणपोळी झाली, भावजयीनं इरकल नेसवून ओटी भरली. त्याच गठ्ठ्यात रुद्रेशनं गाडीच्या कर्जाचेही कागद सारले होते, कारण त्याचं स्वतःचं नाव पतसंस्थेत थकबाकीनं खराब झालं होतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण तिनं गिऱ्हाइकांना हजारदा ऐकवली असेल. दळणारं आंधळं आपणच असू, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

ती तशीच माहेरी गेली. रुद्रेशनं नाकबूल केलं नाही, तेवढा तो बरा. "हप्तं थकलं तवा कंपनीनं गाडी वडून न्हेली, अक्का. मला वाटलं मिटलं. वसुलीवाल्यांचं फोन येतेत, पण मी उचलतच न्हाय."

"माझं नाव का घातलंस?"

"तुझं नाव चांगलं हुतं म्हणून."

तिचं नाव चांगलं होतं, ते त्यानं वापरून संपवलं. "आता भर," ती म्हणाली. "पाडव्याच्या आत भर."

"कुठनं भरू? शांभवीची सुपारी फुटलीया, लगीन तोंडावर हाय." शांभवी त्याची थोरली लेक. महादेवीनंच अंगाखांद्यावर खेळवलेली.

बँकेतली मुलगी भली होती. तिनं दुसरी वाट सांगितली. भावानं फसवून सह्या घेतल्या अशी पोलिसात तक्रार द्या, तिची प्रत जोडून नोंदीवर हरकत घेऊ, निदान प्रयत्न तरी करता येईल. महादेवीनं कांडपावर येऊन प्रभुलिंगला विचारलं. तो यंत्राला तेल देत होता. "तुझं माहेर हाय. तू ठरव," एवढंच म्हणून तो पुन्हा यंत्राकडं वळला. असली माणसं भांडत नाहीत म्हणून लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. त्या दिवशी महादेवीला देव नको होता, नवरा हवा होता.

ती हातकणंगल्याच्या पोलीस ठाण्यात गेली, हे खरं. बाकावर बसली. हवालदारानं विचारलं, "कुणाविरुद्ध तक्रार?" रुद्रेशचं नाव तिच्या जिभेवर आलं. शांभवीचं होणारं सासर कुरुंदवाडचं, नावाला जपणारं. मुलीच्या बापावर फसवणुकीचा गुन्हा म्हटल्यावर ती माणसं दुसऱ्या दिवशी सुपारी परत पाठवणार, आणि गाव म्हणणार, आत्यानं भाचीचं लगीन मोडलं. इकडं गाळा चालला होता, तिकडं पोर. आड आणि विहीर दोन्ही तिच्याच माहेरानं खणून ठेवलेली.

"सही तुमचीच हाय न्हवं?" हवालदारानं पुन्हा विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "सही माझीच हाय." आणि उठून आली. एस.टी. स्टँडपर्यंत ती रडत चालली. मिरचीवाली बाई रडताना बघून कुणाला नवल वाटत नाही, म्हणून कुणी विचारलंही नाही.

राहिली एकच वाट. चार लाखांतले पावणेदोन लाख तिनं वसुली कंपनीच्या खात्यात भरले. तिथला पोरगा फोनवर गोड बोलला, दाखलाही आला. तो घेऊन ती बँकेत धावली. मुलीनं दाखला वाचला आणि खाली मान घालून सांगितलं: खातं बंद झालं खरं, पण वर्षानुवर्षं थकल्याची खूण एवढ्यात पुसत नाही. साहेब अजून काही काळ थांबा म्हणताहेत. शिवाय आता तुमच्याकडं भरायला पहिले चार लाखही उरले नाहीत, ताई. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. पाडव्याला बाळासोंनी गाळा मोबाइलच्या दुकानवाल्याला दिला. जाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण गाळा काही त्यांनी ठेवून घेतला नाही.

ऐन हंगामात यंत्रं घराच्या बोळात ताडपत्रीखाली पडली. बायका डबे घेऊन येत, गाळ्याला कुलूप बघून पुढच्या पेठेत जात. प्रभुलिंग दुसऱ्याच्या गिरणीत पगारावर राहिला.

चैत्र सरता सरता शांभवीचं लग्न झालं. आत्या म्हणून महादेवीला मानाचं पातळ मिळालं, अक्षता टाकायला तिला पुढं बोलावलं. दुपारी पाहुण्यांच्या गोतावळ्यात रुद्रेश तिच्याशेजारी येऊन बसला. पोरीचं सुखरूप पार पडलं म्हणून तो खुशीत होता, आणि आवाज मुळातच मोठा.

"अक्का, तुझी यंत्रं धूळ खात पडल्यात म्हणं. आपल्या रस्त्याकडंच्या रानात मी पत्र्याचं शेड मारलंय की. तिथं लाव. गावोगावच्या बायका येतील. परक्याकडनं घीन तेवढं भाडं मी तुझ्याकडनं घेणार न्हाय. भन हाईस माझी."

"भाऊ असावा तर असा," एक म्हातारी म्हणाली, आणि चार बायकांनी माना डोलावल्या.

महादेवीनं भावाकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधून सापडत नव्हती. आपण बहिणीवर उपकार करतोय, असंच त्याला मनापासून वाटत होतं. ते रान निम्मं कुणाचं होतं, हे त्या मांडवात फक्त तिला आठवत होतं. सगळ्या पेठेला गप्प करणाऱ्या तिच्या जिभेवर एकदम पुष्कळ काही आलं. मग तिला बोळातली ताडपत्री दिसली, आणि दुसऱ्याच्या गिरणीतून पांढरा होऊन येणारा नवरा.

"भाडं किती?" तिनं विचारलं.