अक्कलदाढ आणि ग्रीसचा तक्ता

कागदाच्या कारखान्यातला तो फिटर बेअरिंग दातांनी ऐकायचा. लोखंडी सळईचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं दाढांत धरायचं आणि डोळे मिटायचे. आतला कुठला छर्रा खडखडतोय ते त्याला जबड्याच्या हाडातून कळे. एकतीस वर्षांत तो दोनदाच चुकला होता, आणि त्या दोन्ही तारखा त्याला पाठ होत्या.

म्हणून उजवी अक्कलदाढ काढायची ठरली तेव्हा त्याला धास्ती होती ती सोमवारची. दुरुस्त केलेला मोठा रोलर त्या दिवशी सुरू व्हायचा होता आणि फिटर 'चालवा' म्हणाल्याशिवाय मॅनेजर पुढे जाणार नव्हता. दुखऱ्या जबड्याला काय ऐकू येणार?

शुक्रवारी दुपारी दाढ निघाली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आयबुप्रोफेन लिहून दिली. बधिरपणा उतरायच्या आत पहिली गोळी घ्या, मग दर आठ तासांनी, पोटात काहीतरी घालून, असं त्यांनी दोनदा बजावलं. फिटरने मान डोलावली आणि पाकीट खिशात टाकलं. दुखत नसताना गोळी घेणं म्हणजे काम न करता पगार उचलणं, असं त्याचं मत.

चार वाजता बधिरपणा उतरला आणि त्याचं मतही उतरलं. घाईघाईने गोळी गिळून तो घड्याळासमोर बसला. वीस मिनिटांत फरक पडेना, तेव्हा गोळीत दम नाही असं त्याने जाहीर केलं. कपाटात मेव्हण्याची गुडघेदुखीची नॅप्रॉक्सेन राहिली होती. त्याने दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी मांडली, चष्मा लावला आणि तेलाचे डबे तपासावेत तसं बारीक अक्षर वाचलं. मेव्हण्याची जास्त टिकते, तेव्हा तीही वरून घ्यायची, असा निकाल दिला.

बायकोने ते पाकीट उचललं आणि औषधाच्या दुकानात फोन लावला. दुकानातल्या बाईंनी आधी चौकशी केली, अल्सर, रक्तदाब, रक्त पातळ करायची गोळी, असलं काही आहे का? नव्हतं. मग त्या म्हणाल्या, दोन्ही गोळ्या एकाच घराण्यातल्या. एक सहा-आठ तास चालते, दुसरी बारा. दाढेला दोन्ही चांगल्या, पण एकदम घेतल्या तर आराम दुप्पट होत नाही, पोटाचे हाल मात्र होतात. डॉक्टरांनी दिली तीच घ्या, आणि तिला तासभर तरी द्या.

बायकोने फोन ठेवला. "एका बेअरिंगमध्ये दोन जातीचं ग्रीस भरता का हो तुम्ही?"

त्याने गालावर बर्फ दाबून धरला.

"आणि भरता कधी? ते किंचाळायला लागल्यावर?"

"आधी," तो अर्ध्या तोंडाने म्हणाला.

"मग?"

दाढ गेली तर गेली, बाकीची अक्कल तरी जपा, असं सुनावून ती मऊ भात करायला उठली.

पाचच्या सुमाराला जबड्यातला पीळ सैल पडला. भात उतरला पोटात तसा फिटरही माणसात आला. त्याने कारखान्यात ग्रीस भरण्याचा असतो तसा तक्ता आखून फ्रिजवर चिकटवला, तारीख, वेळ, खूण. शनिवारी गाल टम्म सुजला, रविवारी तसाच राहिला, पण दुखणं काही डोक्यावर बसलं नाही. मेव्हण्याने फोन करून विचारलं, कुठली गोळी भारी ठरली? फिटर म्हणाला, "वेळेवर घेतलेली."

सोमवारी रोलर आधी संथ फिरवला. फिटरने सळई डाव्या दाढांत हलकेच धरली आणि डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मॅनेजर पायांची अदलाबदल करू लागला. मग हाडातून ती ओळखीची गुणगुण आली, एकसारखी, स्वच्छ. त्याने अजून थोडं ऐकलं, गरज नव्हती तरी.

सळई काढून त्याने फडक्याने पुसली. "चालवा."

मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. जबडा मुळीच दुखत नव्हता. त्याने डबा उघडला, आधी चार घास खाल्ले आणि वर गोळी घेतली.