अक्कांच्या हातून गेलेल्या पोरी

टॉवेल दोन्ही हातांनी फटकन झटकायचा, ट्यूबलाइटसमोर धरायचा, त्यावरून एकदा तळवा फिरवायचा आणि म्हणायचं, "जाऊ दे." दोष सापडला तर, "थांब गं बाई, तुझं काय खरं न्हाय." चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात मालाची तपासणी अक्कांच्या या दोन वाक्यांवर चालायची.

आता टॉवेलशी कुणी असं बोलतं का? पण आमच्या टॉवेलांना नावं होती. अमेरिकेतली पोरंपोरी घर सोडून कॉलेजच्या हॉस्टेलवर राहायला जातात, तेव्हा स्वतःचं नाव भरलेला टॉवेल सोबत नेतात. तिकडच्या एका दुकानासाठी आम्ही ते करायचो. एमिली, मॅडिसन, हॅना. ऑर्डर दरवर्षी फुगत चाललेली. तिकडे म्हणे आता जो तो कॉलेजला निघालाय. त्यांना शिकायची हौस आली की जून-जुलैत इकडे आमच्या जेवणाच्या सुट्टीला कात्री लागायची. मी माल पाठवण्याच्या खात्यातला कारकून. यादी आणि खोकी जुळवताना माझं डोकं आधीच फिरलेलं असायचं, त्यात अक्कांचे प्रश्न.

"भाऊ, ही मॅडिसन केवढी असंल?"

"अठराची."

"आन् हिला अडवाया घरात कोन न्हाय व्हय?"

"अक्का, यादी चुकतेय माझी!"

"चुकू दे की. पोरगी एवढ्या लांब चाललीय आन् तुमाला यादीचं पडलंय."

अक्का विणकर घरातल्या. घरी तेलुगू, कारखान्यात आमचं सोलापुरी मराठी. शाळा सातवीत सुटलेली. इंग्रजी वाचायला शिकल्या त्या या नावांवरूनच, एकेक अक्षर लावत. अवघड नाव जमलं की मान अशी ताठ करायच्या की मला हसू आवरायचं नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, परक्याच्या कार्यात घरच्यांपेक्षा जास्त धावणारी. घरी त्यांचं काय चाललेलं असतं हे आपण विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

गेल्या जुलैत त्यांच्या मुलीला, अनुषाला, पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पेढे नाहीत, काही नाही. मला ते भरतकामाच्या बायकांकडून कळलं. शुक्रवारपर्यंत मूळ कागदपत्रं पुण्याला नेऊन द्यायची, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार. नवरा यंत्रमागावर कामाला, त्यानं "तुझी आई म्हणंल तसं" म्हणून हात वर केलेले. कागदपत्रं घरच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली अक्कांच्या कमरेला. रोज कारखान्यात घेऊन यायच्या! विचारलं तर म्हणायच्या, "सोलापुरात काय कॉलेजं न्हाईत व्हय?" आणि हातातला टॉवेल उगाच दोनदा झटकायच्या.

त्या आठवड्यात त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. कात्री हरवायची, सापडायची, पुन्हा हरवायची. पाणी प्यायला म्हणून उठायच्या आणि न पिताच परत यायच्या. बुधवारी माझ्या यादीत एक टॉवेल कमी भरला. नाव, अनुषा. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्याकडच्याच कुणाची मुलगी असणार. भरतकामवाल्या शपथेवर सांगत होत्या की आम्ही दिलाय. शेवटी तो अक्कांच्या टेबलाखाली, दोषी मालाच्या ढिगात, अगदी तळाशी सापडला. मी उजेडात धरला, उलटासुलटा करून पाहिला. कुठे एक धागा सुटलेला नव्हता.

"अक्का, यात दोष कुठंय?"

"हाय की. हितं." बोट सरकलं. "न्हाय, हितं." बोट नुसतंच फिरत राहिलं.

मी सकाळपासून तापलेलो. बोलून गेलो, "एवढ्या परक्या पोरी पाठवल्यात, आणि आपल्या पोरीलाच दोषी मालात काढताय होय?"

मशीन चालू होत्या तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. मला माझीच लाज वाटली. अक्का स्टुलावर बसल्या.

"त्या पोरींच्या आया मला दिसत न्हाईत, भाऊ. म्हून जमतंय," त्या म्हणाल्या. "हिची दिसती की."

मग त्या उठल्या. टॉवेलची नीट घडी घातली आणि स्वतःच्या हातानं माझ्या खोक्यात ठेवली. कमरेची किल्ली चाचपली आणि भर पाळीत, कुणाला न विचारता, फाटकाबाहेर पडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. हजेरीत त्यांच्या नावापुढे मी 'आजारी' लिहून टाकलं. शुक्रवारी दुपारी मायलेकी पुण्यात कागदपत्रं देऊन आल्या.

ऑगस्टात अनुषा हॉस्टेलवर गेली. दुसऱ्या दिवशी अक्का वेळेवर कामावर हजर. हंगामातली शेवटची खोकी जायची होती. त्या दिवशी त्यांनी एकाही पोरीचं वय विचारलं नाही, आणि एरवी त्या प्रश्नांना वैतागणाऱ्या मला करमेना.

जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. पोरगी खोली दाखवत होती. पलंग, टेबल, खिडकीतून दिसणारं झाड. अक्का तोंडाला पदर लावून नुसत्या बघत होत्या.

"अम्मा, तिन्नावा?" पोरीनं विचारलं. जेवलीस का, एवढं तेलुगू सोलापुरात राहून मलाही येतं.

अक्कांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि तोंड फिरवलं. "तुमीच सांगा, भाऊ. जेवली म्हून."

मी सांगितलं. समोर त्यांच्या डब्याचं झाकण अजून उघडलेलंही नव्हतं.