एक पुडी, एक बाटली पाणी: सिल्वासा ते दुधनी

प्रवासात पोट बिघडलं की ज्यांच्या हातात कुणीतरी मीठ-साखरेची एक पुडी कोंबतं आणि "पाण्यात टाकून प्या" एवढं सांगून निघून जातं, त्या सगळ्या प्रवाशांनो, तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. किती पाण्यात, ते कुणी सांगत नाही. पुडीवर छापलेलं असतं, पण मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, आणि तेही नेमकं फाडायच्या जागी. ही तक्रार मी कित्येक सभांतून मांडली आहे. एका प्रवासानंतर मात्र ती मांडताना माझा आवाज पूर्वीसारखा लागत नाही. त्या प्रवासाची ही हकिगत.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. मी नाशिकला शाळेत शिकवत होते आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव आरोग्यावर भाषणं करत होते. औषध कंपन्या, परदेशी पैसा, गरिबांच्या अंगावर होणारे प्रयोग हे माझे विषय. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, इतिहास मी झपाटल्यासारखा वाचला होता. मीठ-साखरेच्या पाण्याने बंगालच्या निर्वासित छावण्यांत माणसं कशी वाचली, हे मी अर्धा तास कागद न बघता सांगू शकत होते. गणपतीनंतरच्या आठवड्यात माझ्या मावसभावाचं, अरुणचं पत्र आलं. तो सिल्वाशाच्या एका सुताच्या कारखान्यात इंजिनिअर होता.

"ताई, मुंबईच्या एका डॉक्टरीणबाई दुधनीच्या पाड्यांवर हगवणीच्या पोरांना दोन तऱ्हेच्या पुड्या देतायत. कुठल्या पोराला कुठली, ते चिठ्ठी काढून ठरवतात. गेल्या आठवड्यात एक पोर गेलं. तू येऊन बघ."

चिठ्ठी काढून. पत्र वाचतानाच भाषणाचं नाव ठरलं: पोरांच्या जिवाची सोडत. पुढच्या रविवारी नाशिकला आमच्या आरोग्य गटाची सभा होती. तिथे हे काम बंद पाडण्याचा ठराव मांडायचा आणि तो वर्तमानपत्रांकडे द्यायचा, असं मी मनाशी पक्कं केलं. आता फक्त पुरावा हवा होता. मी रजा टाकली.

नाशिकहून पेठ, कपराडा करत वापीला जाणारी एसटी तेव्हा जवळजवळ सगळा दिवस खायची. आज रस्ता बरा आहे, पण पेठच्या पुढची वळणं तीच, तेव्हा पुढची सीट धरा आणि पोटात हलकंच काही असू द्या. वापीला स्टेशनबाहेर सिल्वाशाच्या जीपगाड्या उभ्या असत. बारा माणसं भरल्याशिवाय हलत नसत. भाडं दोन कप चहाच्या आसपास. दादरा ओलांडलं की दोन्ही बाजूंना कारखान्यांचे पत्रे आणि दारूच्या दुकानांच्या पाट्या आलटून पालटून लागतात. गुजरातेत दारूबंदी, इथे नाही. जीपमधले निम्मे लोक कशासाठी आले होते ते विचारावं लागत नव्हतं.

अरुण सिल्वाशातल्या डोकमर्डीला दोन खोल्यांत राहायचा. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी त्याने स्वतः केली होती. फॅक्टरीतल्या लोकांकडून त्याने बरंच ऐकून ठेवलं होतं.

"इथल्या ऑफिसात विचारलं तर म्हणतात, कॉलरा नाय, गॅस्ट्रो. फाईलमध्ये पण गॅस्ट्रोच."

"म्हणजे लपवतायत."

"असेल. पण ताई, तू बोलण्याआधी बघ हां. मला इथे नोकरी करायचीय."

मी त्याला भित्रा म्हटलं. तो हसला आणि माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

सकाळी त्याच्या कारखान्याच्या जीपने आम्ही निघालो. खानवेलपर्यंत रस्ता नदीच्या सोबतीने जातो, मग सागाचं जंगल आणि चढ. आज या बाजूला लोक वासोण्याला सिंह बघायला आणि दुधनीला बोटीत बसायला येतात. जरूर जा, धरणाच्या पाण्यात शिरलेले ते हिरवे डोंगर आयुष्यभर लक्षात राहतील. मला त्या दिवशी ते पाणीही संशयास्पद वाटलं. मातीच्या रंगाचं, काठाला फेस धरलेलं, आणि त्यातच बाया हंडे बुडवत होत्या.

डॉक्टर कर्णिक एका झापाच्या, म्हणजे कुडाच्या झोपडीच्या, पडवीत स्टुलावर बसल्या होत्या. चाळिशीच्या, मूळच्या गिरगावच्या, डोळ्यांखाली काळं. समोर बंद पाकिटांची पेटी. मी ओळख करून दिली तशी त्या म्हणाल्या, "तुमचं नाव ऐकलंय. आरडाओरडा करायला आलात का?"

"आधी विचारायला आलेय. पोरांवर चिठ्ठ्या का टाकता?"

"दोन्ही पुड्यांत मीठ तेच आहे. एकीत ग्लुकोज, दुसरीत शिजवून वाळवलेल्या तांदळाचं पीठ. तांदळाने जुलाब लवकर आटोक्यात येतात का, ते बघतेय. मी निवडायला लागले तर नकळत तांदळाच्या पुडीला धडधाकट पोरं देईन. माझा माझ्यावर विश्वास नाही, म्हणून चिठ्ठी."

"वाक्य चांगलंय. सभेत टाळ्या पडतील."

"तुम्ही घ्या. मला सभा जमत नाहीत."

"दोन्ही पुड्या चांगल्या, मग पोर गेलं कसं?"

"तेच कळत नाहीये. जुलाब कमी झाले होते. मग फेफरं आलं. कॉलरा होता का, तेही नमुन्यांचा निकाल मुंबईहून येईपर्यंत कळायचं नाही."

मी वहीत लिहून घेतलं: कबुली. माझ्या मते काम झालं होतं.

तेवढ्यात जेठी नावाची वारली बाई तिची आठ महिन्यांची मुलगी घेऊन आली. मुलीचं नाव सोमी. कालपासून पुडी चालू होती, जुलाब थांबत आले होते, पण पोर सारखं किंचाळत होतं आणि वाटी दिसली की तिच्यावर झडप घालत होतं. डॉक्टरांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरली. पाणी कमी झालेल्या पोराची कातडी सुरकुतून तशीच राहते, हे मला वाचून ठाऊक होतं. ही तशी नव्हती.

"कणकेसारखी लागतेय," डॉक्टर पुटपुटल्या. "अंगात मीठ जास्त झालं की अशी होते. जेठी, पुडी किती पाण्यात टाकलीस?"

"बाटलीभर."

"कुठल्या बाटलीभर?"

जेठी झापात गेली आणि राखेने लखलखीत घासलेली, पानाचं बूच लावलेली एक तपकिरी बाटली घेऊन आली. बिअरची.

"तुमनीच सांगला ना, बाटलीभर पानी. ही काय बाटली नाय?"

"ताई, इथे बाटली म्हटलं की हीच," अरुण हळूच म्हणाला. "गुजरातची पार्टी येऊन पिऊन जाते, रिकामी पाड्यावर येते. रॉकेल हिच्यात, तेल हिच्यात, पाणी हिच्यात."

डॉक्टरांनी बाटली काठोकाठ भरली आणि आपल्या मापाच्या मगमध्ये ओतली. पुडी लिटरभर पाण्याची होती, आणि हे पाणी लिटरच्या रेघेपर्यंत पोचलंच नाही. जवळजवळ तिसरा हिस्सा कमी. म्हणजे सोमीच्या पोटात प्रत्येक घोटासोबत दीडपट मीठ जात होतं. तहान मिठाने वाढत होती आणि आई तेच पाणी आणखी पाजत होती.

मी जिंकले होते. तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. "तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते दाखवा," मी चढ्या आवाजात म्हटलं.

डॉक्टरांनी पाड्यावर वाटलेला कागद काढून दिला. त्यावर ठळक अक्षरांत होतं: एक पुडी, एक बाटली पाणी, घोट घोट पाजा.

"हे कुणी लिहिलं?"

"तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या गटाच्या पुस्तिकेतून घेतलंय. आमचा मजकूर बोजड होता. खाली आभार मानलेत, बघा."

खाली आभार होते. आणि मला त्या पुस्तिकेसाठीची आमची बैठक आठवली. कच्च्या मजकुरात 'एक लिटर' होतं. मीच लाल पेनाने ते खोडलं होतं. लिटर हा शहरी शब्द आहे, बायांना कळेल असं लिहा, म्हणून मी सगळ्यांना सुनावलं होतं. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कुठली बाटली होती? खूप आठवून पाहिलं. कुठलीच नव्हती.

बोलायला वेळ नव्हता. डॉक्टरांनी जेठीला आणि सोमीला जीपमध्ये घातलं, आम्ही सिल्वाशाच्या दवाखान्याकडे निघालो. खानवेलच्या अलीकडे सोमीचे हातपाय ताठ झाले, डोळे फिरले. अरुणने गाडी थांबवली. डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवलं आणि म्हणाल्या, "चालव." मी म्हटलं, साधं पाणी पाजा ना पटकन. "पटकन नाही. एकदम पाणी गेलं तर मेंदूला सूज येते. मीठ हळूहळूच उतरवायला लागेल." माझ्या सगळ्या वाचनात हे नव्हतं.

फेफरं ओसरलं तेव्हा जेठीने विचारलं, "त्या बाजूच्या झापातला पोर गेला, त्यांचीबी हीच बाटली. तो यानंच गेला काय?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हगवणीनेही जातात."

जेठी माझ्याकडे बघत राहिली. सकाळपासून सगळ्यांत जास्त मीच बोलत होते. मी तिला सांगितलं की कागदावरची 'बाटली' माझी आहे, बाईंची नाही.

तिने पदराने सोमीचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मंग दुसरा लिव्हा."

सोमी दोन दिवस दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने लघवी केली, ती आईच्या अंगावर प्यायली आणि रडली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी तिच्या गालावरचं ते पाणी बोटाने टिपलं आणि बघत बसल्या.

मधल्या दिवशी अरुणने हिशोब करून दिला होता: दीड बाटली म्हणजे जवळजवळ लिटर. कारखान्यातून तो लाल रंगाचा डबा घेऊन आला. पाड्यावर जाऊन आम्ही घरोघरच्या बाटल्यांवर अर्ध्याची रेघ मारली. एक भरून, दुसरी रेघेपर्यंत. नवा कागद मी लिहिला: एक पुडी, दीड बाटली. छापायला देण्याआधी तो जेठीला वाचून दाखवला आणि तिने आमच्यासमोर पाणी ओतून बघितलं. डॉक्टरांनी त्या मोसमातले पोरांच्या नोंदींचे सगळे फॉर्म बाद धरले. त्या फॉर्मवर 'पुडी दिली का' असा रकाना होता. कशात कालवली, असा नव्हता. "ती चूक माझी," त्या म्हणाल्या. "चिठ्ठ्या काढताना माझ्यावर संशय घेतला, रकाने आखताना नाही घेतला."

परत येताना वापीच्या अलीकडे पोलिसांनी जीप अडवली. माझ्या पिशवीत बिअरची रिकामी बाटली निघाली.

"बाई, हे काय?"

"माप आहे."

त्याने बूच काढून वास घेतला, दुसऱ्या पोलिसाला दिली, त्यानेही घेतला. "खरंच काय नाय हिच्यात," म्हणत त्यांनी ती परत केली.

नाशिकच्या सभेत ठराव मांडला नाही. ती बाटली टेबलावर ठेवली आणि आमच्याच पुस्तिकेतलं वाक्य वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या नाहीत. मागून एक बाई उठून म्हणाली, "आमच्या घरात तर तांब्या आहे, त्याचं काय?" उरलेली सभा आम्ही तांबे मोजण्यात घालवली.

मोठ्या संस्था, मोठा पैसा, कागदावरचा गॅस्ट्रो यांच्यावरचा माझा संशय आजही गेलेला नाही, जाऊही नये. पण बाजूच्या झापातलं पोर कशाने गेलं, ते मला कधीच कळणार नाही. माझ्या शब्दाने गेलं असेल. हे मी घेऊन फिरते.

तुम्ही दुधनीला जाल तेव्हा जा. त्याआधी, हे वाचून झाल्यावर, उठा. औषधाच्या डब्यातली पुडी काढा, किती पाण्याची आहे ते भिंगाने वाचावं लागलं तरी वाचा. आता लिटरची मिळते, पेल्याचीही मिळते. तेवढं पाणी मोजून घ्या आणि ज्या भांड्यात तुम्ही पुडी कालवणार त्यात ओता. पाणी जिथे थांबेल तिथे रेघ मारा.