एकाच खुर्चीचे दोन धनी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची धाकटी मुलगी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला गेली आणि वर्गाला धडकी भरली. हिला प्रोग्रॅम लिहायला वेळ लागे, पण दुसऱ्याचा कोसळवायला चुटकी पुरे. प्रोग्रॅमनं वय विचारलं की ही उणे सात टाकणार, नाव विचारलं की अख्खी कविता चिकटवणार. म्हणून तिला सगळे 'भूकंप' म्हणत.

शेवटचं वर्ष आलं. कुणी गेम बनवणार होतं, कुणी बँकांची यंत्रणा सांभाळणार होतं. भूकंपाला कोण नोकरी देणार? दोन कंपन्यांनी तिला गोड बोलून परत पाठवलं होतं. तिसरीच्या मॅडम आज परीक्षकांबरोबर प्रकल्प पाहायला येणार होत्या. आता नाही तर कधीच नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

प्रकल्प होता नाट्यगृहाच्या तिकिटांचा. सकाळी तिनं आणि तिच्या अबोल जोडीदारानं, म्हणजे वर्गाच्या मौनीबाबानं, आपापल्या मोबाईलवर एकाच खुर्चीवर एकाच क्षणी बोट ठेवलं. खुर्ची दोघांनाही मिळाली! गटाचा कप्तान पांढराफटक पडला. परीक्षकांच्या हाती एकच मोबाईल द्यायचा, म्हणजे झाकली मूठ राहील, असं तो म्हणू लागला.

"आणि प्रयोगाला दोन काकू एकाच खुर्चीवर हक्क सांगत उभ्या राहिल्या, की त्यांच्या मध्ये तू बसणार का?" धाकटीनं विचारलं.

मौनीबाबा खुदकन हसला आणि कामाला लागला. आधी पोहोचेल त्याच्यासाठी खुर्ची लगेच अडवून ठेवायची, असा बदल त्यानं केला. तो लिहायचा, ही मोडायची, तो पुन्हा लिहायचा. दुपारी एकदाचं ते तिलाही मोडता येईना. पण ते या दोघांच्या हातात. परक्या हातांत, कॉलेजच्या भरल्या सभागृहासमोर टिकेल?

तिची पाळी आली. कप्तान डोळ्यांनी नको नको म्हणत असताना तिनं एक मोबाईल परीक्षकांच्या हाती दिला, दुसरा मॅडमच्या.

"पहिल्या रांगेतली मधली खुर्ची. मी 'आता' म्हटलं की दोघांनी दाबा."

तिनं हात वर केला. आता!

परीक्षकांना तिकीट मिळालं. मॅडमच्या मोबाईलवर उमटलं, 'ही खुर्ची आत्ताच गेली. शेजारची चालेल?' मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं, आणि काय सांगू, हशा आणि टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं. कप्तान तर सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होता.

"तू लिहिलंस?" मॅडमनी विचारलं.

"लिहिलं यानं. मी नुसतं मोडलं."

"नुसतं? अगं, आमच्याकडे त्यासाठी वेगळी माणसं असतात. टेस्टर. त्यांनी मान हलवल्याशिवाय काही बाहेर पडत नाही. सोमवारी येतेस रुजू व्हायला?"

टेस्टिंग पुस्तकात होतं. पण ज्याला लिहिता येत नाही त्याच्या गळ्यात मारायचं काम, एवढीच तिची समजूत. आज कुणीतरी त्याच कामासाठी तिला बोलावत होतं. तिनं ताबडतोब हो म्हटलं.

मग तिला राहवेना.

"मॅडम, तुमचं नवीन काय आहे? आत्ता बघू?"

मॅडमनी हसत स्वतःचा मोबाईल पुढे केला. धाकटीनं बाह्या सरसावल्या आणि मागच्या रांगांतली पोरं बाकांवर चढली.