तसं झालं नव्हतं

नऊ जूनला सकाळी मी मुदत संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या वेगळ्या काढत बसले होते. उदगीरला माझं औषधांचं दुकान आहे आणि महिन्याचं हे काम मी कुणावर सोपवत नाही. नांदेडहून मामेभावाचा, महेशचा, फोन आला. ‘अक्का, अप्पा गेले,’ एवढंच तो बोलला. कधी, कुठं, अंत्यविधी किती वाजता, एवढं मी विचारून घेतलं. हातातला खोका पुरा केला आणि मगच शटर ओढलं. हे कोरडं वाटेल कुणाला... पण नंतर तो खोका उघडला तर निम्म्या पट्ट्या चुकीच्या बाजूला पडलेल्या होत्या. सगळा पुन्हा तपासावा लागला.

अप्पा म्हणजे माझे मन्मथमामा. ते अहमदपूरच्या एका शाळेत मराठी शिकवायचे आणि शाळेचं ग्रंथालयही सांभाळायचे. आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा, म्हणून पुढची तीन वर्षं मी त्यांच्या घरी राहून शिकले. वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलं तयार करणं हा त्यांचा खरा नाद. विषय ठरलेले असायचे: श्रमाचं मोल, वेळेची किंमत, प्रामाणिकपणा. बाकीचे शिक्षक भाषण लिहून द्यायचे, मुलं ते पाठ करायची. मामा लिहून देत नसत, कपाटाच्या किल्ल्या देत.

नववीत मला प्रामाणिकपणावर बोलायचं होतं. मी एका थोर पुढाऱ्याची गोष्ट निवडली: सरकारी कामाला सरकारी दिवा, घरच्या कामाला घरचा. हमखास टाळ्या. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, ‘हे पाहिलं कुणी? लिहिलंय कुठं?’ सगळेच सांगतात, मी म्हटलं. ‘सगळे म्हंजे कोण? नाव सांग.’ मग तीन दिवस ग्रंथालयात धूळ खाल्ली. गोष्ट सापडली, पण तीन पुस्तकांत तीन वेगळ्या माणसांच्या नावावर. दिवा तोच, तेल तेच, माणूस तेवढा दुसरा. घरी हे सांगितलं तर मामा इतके हसले की मामी लाटणं घेऊनच बाहेर आली. छापलंय म्हणून खरं धरायचं नाही, छापणाऱ्याला कुणी सांगितलं ते शोधायचं, आणि ज्याच्यावर गुजरलं तो माणूस हाताशी असेल तर आधी त्याला विचारायचं, असं त्यांचं म्हणणं.

ती गोष्ट गाळावी लागली. लातूरला जिल्ह्याच्या स्पर्धेत मी आमच्या गावच्या गिरणीवाल्या काकूंबद्दल बोलले. त्या कुणाचं पीठ कुणाच्या डब्यात जाऊ देत नसत, गर्दी कितीही असो. उत्तेजनार्थ मिळालं. पहिला नंबर आला तो दिव्याची गोष्ट सांगणाऱ्या मुलीचा. परतीच्या एसटीत मी मामांशी बोलले नाही. त्यांनी मला खिडकीशी बसवलं, शेंगदाण्याची पुडी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, ‘रागव खुशाल. पण गिरणीवाली खरी हाय.’

असा माणूस निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या समारंभात भाषण माझं होतं. गावात एक गोष्ट कानावर आली होती. बारावीच्या परीक्षेत मन्मथ सरांनी स्वतःच्या मुलाला कॉपी करताना धरून दिलं. मी ती सांगितली, चांगली रंगवून सांगितली. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मामा बोलायला उठले आणि त्यांचं पहिलंच वाक्य होतं, ‘तसं झालं नव्हतं.’ लोकांनी तो विनय समजला. मीसुद्धा. पुढं गोष्ट शाळेच्या स्मरणिकेत छापली गेली, भाषणांतून फिरत राहिली. मामा ज्याला त्याला ‘तसं झालं नव्हतं’ हेच सांगत राहिले आणि प्रत्येक वेळी लोकांना ते आणखी मोठे वाटत गेले. तो मुलगा, महेश, मात्र नांदेडलाच राहिला. सणाला यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. बापावर राग असेल, असं मी धरून चालले होते.

मामा गेल्यावर तीन आठवड्यांनी शाळेनं शोकसभा ठेवली. त्यांच्या नावानं दर वर्षी जीवनमूल्यांवर वक्तृत्व स्पर्धा सुरू करायची होती आणि ते माजी विद्यार्थ्यांना पटवून द्यायचं काम माझ्याकडं आलं. ती गोष्ट सांगाच, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. आदल्या संध्याकाळी मी लिहायला बसले आणि त्या गोष्टीपाशी अडले. मुलगा ज्या खोलीत पेपर लिहितो तिथं बापाला पर्यवेक्षक नेमत नाहीत. इतकी साधी बाब माझ्या लक्षात कशी आली नाही...

महेशला फोन केला. तो आधीच म्हणाला, मी उद्या येत नाही, तुम्ही सगळे तेच सांगणार. मी म्हटलं, म्हणूनच विचारतेय, काय झालं होतं?

‘अप्पांनी न्हाई धरलं, अक्का. दुसऱ्या सरांनी धरलं. अप्पा शेजारच्या खोलीवर होते, ते धावत आले. एवढ्या बारीला सोडा म्हणून त्या सरांच्या लई विनवण्या केल्या. सगळ्या पोरांसमोर.’

त्या सरांनी सोडलं नाही.

‘तू भाषण केलंस तेव्हा मी शेवटच्या ओळीत होतो,’ तो म्हणाला. ‘माझ्यासाठी अप्पा किती खाली वाकले ते कुणाला माहीत न्हाई. धरून दिलं, एवढंच माहीत.’

ज्याच्यावर गुजरलं तो मामेभाऊ, आणि त्यालाच मी कधी विचारलं नव्हतं. मामा तर स्वतःहून सांगत होते. आता खरं सांगितलं तर कॉपी करणाऱ्या मुलासाठी गयावया करणारा शिक्षक लोकांसमोर उभा राहणार, आणि तेही मूल्यांची स्पर्धा जाहीर करायच्या दिवशी. नाही सांगितलं तर मुलगा बापाच्या शोकसभेला येणार नाही. सांगू का, मी विचारलं. ‘सांग,’ तो म्हणाला, ‘पण आधी मला वाचून दाखव.’ हा लेखही मी त्याला वाचून दाखवूनच पाठवते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी फोन लावला आणि सगळं भाषण वाचलं. तो मधे एकदाच बोलला. मामांनी हात जोडले, असं मी लिहिलं होतं. ‘हात न्हाई जोडले,’ तो म्हणाला. ‘डोक्यावरची टोपी काढून त्या सरांच्या टेबलावर ठेवली. निघताना न्यायचीसुद्धा विसरले.’ मी ओळ खोडली आणि वर टोपी लिहिली. भाषण संपल्यावर त्यानं विचारलं, सभा किती वाजता आहे. अकराला, मी सांगितलं. ‘पुढं जागा धर,’ म्हणाला.

मी पहिल्या गाडीनं निघाले. नऊ वाजता अहमदपूरला पोचले, मंडपात गेले आणि पहिल्या ओळीतल्या मधल्या खुर्चीवर माझी पर्स ठेवून शेजारी बसून राहिले.